चार फुटांची पितळी खूण

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. अगदी इतके जवळ, की माझ्या अंगावरच्या रेघा तुम्हाला मोजता येतील. मागे उभे आहेत त्यांनाही पुढे येऊ द्या, जागा भरपूर आहे. आज मी तुम्हाला कुंपणांची गोष्ट सांगणार आहे. कुंपण म्हटल्याबरोबर कोपऱ्यात कुणीतरी जांभई दिली, मला दिसले बरे! पण थोडे थांबा. आपले कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हा प्रश्न माणसाला पडला, त्या दिवशी पहिले कुंपण उभे राहिले. आणि ते किती उंच असावे, यावरून ज्या दिवशी दोन शेजारी भांडले, त्या दिवशी माझी गरज निर्माण झाली.

मी एक जुनी मोजकाठी आहे. नगरपालिकेच्या बांधकाम खात्याची. उंची सात फूट, अंग चौकोनी, रंग एकेकाळी मधासारखा होता. आता तो उकळून उकळून राहिलेल्या चहासारखा झाला आहे. खात्याच्या मागच्या शेडमध्ये एका मिस्त्र्याने मला घडवले. माझे लाकूड त्याने आधी दोन वर्षे सावलीत वाळत ठेवले होते. "ओलं लाकूड खोटं बोलतं," असे तो म्हणे. मग रंधा मारला, तेल पाजले, इंचाइंचावर बारीक रेघा कोरल्या आणि तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या फुटावर पितळेची एकेक पट्टी ठोकली. त्या पट्ट्या उन्हात अशा चमकत, की मला स्वतःचाच हेवा वाटे.

पण तीन, चार आणि सहाच का? पाचाने काय घोडे मारले होते? हे कोडे मला पहिल्या दिवसापासून पडले होते. लाकडाला जिज्ञासा नसते असे तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज आजच काढून टाका. झाड जन्मभर वर काय आहे हे पाहण्यासाठीच तर वाढत असते.

मला ज्यांच्या हाती दिले, ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते. किडकिडीत अंग, मोठे कान, नवीकोरी वही. हुद्दा होता कुंपण तपासनीस. लोक मात्र त्यांना पुढे जन्मभर 'काठीवाले साहेब' म्हणत राहिले. त्यांच्या हातात खात्याची नियमपुस्तिकाही दिली गेली. तिच्या शेवटच्या पानावर एक वाक्य होते : 'मापाबद्दल वाद झाल्यास खात्याच्या काठीचे माप अखेरचे मानावे.' ते वाक्य ऐकून मी किती ताठ झाले म्हणून सांगू! म्हणजे ताठ मी आधीपासून होतेच, पण आता आतूनही झाले.

साहेब मोठे भाविक होते. रस्त्याने जाताना देवाचे एखादे पद गुणगुणत, आणि माझा पाय फरसबंदीवर टेकत टेकत ताल धरत. दारात पोहोचल्यावर ते कधी हाक मारत नसत. पायरीच्या दगडावर मला तीनदा आपटत. ठक, ठक, ठक! आतून पोरे ओरडत, "काठी आली, काठी आली!" घरधनी पंच्याला हात पुसत बाहेर येई. त्या आवाजाचा मला फार अभिमान होता.

हिंडता हिंडता माझी कोडी एकेक करून सुटू लागली. घराच्या पुढच्या बाजूला कुंपण चार फुटांहून उंच नको, असा नियम. का? एकदा एका गल्लीत एकट्या राहणाऱ्या एक बाई आपल्याच अंगणात पाय घसरून पडल्या. हाक मारायचीही शक्ती उरली नव्हती. पेपरवाल्याने जाता जाता कुंपणावरून सहज आत पाहिले, आणि उडी मारून आत गेला. बाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी साहेब तिथून जाताना थांबले. माझ्या चौथ्या फुटावर त्यांनी बोट टेकवले आणि स्वतःशीच म्हणाले, "यासाठी बरं का! चार यासाठी."

मागच्या बाजूला मात्र सहा फूट चालते. त्याचेही कारण मी पाहिले. एक गलेलठ्ठ वकील रोज सकाळी मागच्या अंगणात चड्डीवर दोरीच्या उड्या मारत. ते दृश्य सहा फुटांच्या आडच शोभून दिसे. हसलात ना? पण त्याच वकिलांची आई गेली, तेव्हा पाहुण्यांनी भरलेले घर सोडून ते त्याच अंगणात येऊन एकटे रडले. माणसाला रडायलाही एक जागा लागते, मित्रांनो. सहावा फूट त्यासाठी आहे.

आणि तीन फूट? ते रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरांसाठी. वळणावर गाडी आली, की पलीकडून धावत येणारे मूल चालकाला दिसायला हवे. लहान मुलाचे डोके साधारण त्याच्या जरा वरच तर असते.

मला सर्वांत आवडलेला नियम मात्र उंचीचा नव्हता. कुंपणाला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत आणि दुसरी आडव्या पट्ट्यांची, खिळ्यांची. पुस्तिका सांगे, की गुळगुळीत बाजू शेजाऱ्याकडे करावी. बँकेतल्या एका रोखपालांना हे मुळीच पटले नाही.

"फळ्या माझ्या, मेहनत माझी, आणि चांगली बाजू त्याला? हा कुठला न्याय?"

साहेब म्हणाले, "तुम्ही तुमच्या घरात बसून तुमचं कुंपण दिवसातून किती वेळा बघता?"

"मी कशाला बघतोय!"

"तो बघतो. रोज. म्हणून खिळे आपल्याकडे, गुळगुळीत त्याच्याकडे."

रोखपाल पुटपुटत आत गेले, पण फळ्या त्यांनी फिरवल्या. मी मात्र कितीतरी दिवस त्या वाक्याभोवती घुटमळत होते. नियमपुस्तिका लिहिणारा माणूस नक्कीच कधीतरी देवापुढे हात जोडून बसला असला पाहिजे.

असो. आडवाटेला फार रमले, आता मूळपदावर येते.

गावाच्या टोकाला एका चढाच्या रस्त्यावर एक सुतारबाबा राहत. वय अठ्ठ्याहत्तर. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलती लेक पुढच्या खोलीत शिवणकाम करी, आणि तीच त्यांना सांभाळी. अलीकडे बाबांचे विसरणे वाढले होते. भाजीत मीठ दोनदा पडे. चष्मा कपाळावर असताना ते घरभर चष्मा शोधत. कधीकधी लेकीलाच विचारत, "ताई, आपण कुणाकडच्या?" ती हसून म्हणे, "तुमच्याकडचीच," आणि मशीनवर जोरजोरात पाय मारू लागे.

पण एके दिवशी बाबांनी हत्यारांची पेटी उघडली. म्हणाले, "घराला कुंपण नाही. मी एवढ्या लोकांची केली, आपलं राहिलंच." लेकीने नियमपुस्तिका आणली आणि त्यांना तीनदा वाचून दाखवली. पुढच्या बाजूला चार फूट, आणि उंची धरायची ती शोभेच्या कामासकट, अगदी वरच्या टोकापर्यंत. बाबांनी मान हलवली आणि कामाला लागले. चार महिने ते रोज अंगणात बसत. मीठ विसरणारा तो माणूस पटाशी हातात घेतली, की काही म्हणता काही विसरत नसे.

त्यांनी एकतीस खुंट उभे केले. प्रत्येकाच्या शेंड्यावर एक पाखरू कोरलेले. एकासारखे दुसरे नाही. एक पंखात मान खुपसून झोपलेले, एक मान खाजवणारे, एक शेजारणीशी भांडून आल्यासारखे फुगलेले. खुंटांचे बुंधे डांबर लावून दीड वीत खाली सिमेंटच्या पट्टीत पक्के बसवलेले. रस्त्याने जाणारी माणसे थांबून पाखरे मोजत, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येई.

कुंपण पुरे झाले की खात्याची पसंती घ्यावी लागे. साहेब आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, कान तेवढेच होते. ठक, ठक, ठक! त्यांनी सगळे पाहिले. कुंपण हद्दीच्या एक वीत आत होते, म्हणजे दुरुस्तीला शेजाऱ्याच्या जमिनीत पाय ठेवायला नको. फाटक आत उघडत होते, म्हणजे चालणाऱ्याच्या अंगावर यायला नको. गुळगुळीत बाजू बाहेर होती. साहेबांचा चेहरा एकेका गोष्टीने फुलत चालला. मग त्यांनी मला पहिल्या पाखराशेजारी उभे केले.

माझी चार फुटांची पितळी पट्टी पाखराच्या गळ्याशी आली. चोच तिच्या वर राहिली. दोन बोटे वर. दुसऱ्या पाखराचेही तसेच, तिसऱ्याचेही. एकतीसच्या एकतीस, दोन बोटे वर.

"बाबा, दोन बोटं जास्त आहे," साहेब हलकेच म्हणाले.

"काय जास्त आहे?"

"उंची."

"छे! शक्यच नाही."

"काठी सांगते आहे."

सुतारबाबा हसले. त्यांनी डावा हात वर केला. करंगळीचे शेवटचे पेर नव्हते. "साहेब, पन्नास वर्षांत माझ्या हातून बोट चुकलंय, ते एवढं. मापात कधी नाही."

लेक आतून शिवणाची टेप घेऊन धावत आली. टेपेने बरोबर चार फूट दाखवले. साहेबांनी विचारले, "ताई, ही टेप किती वर्षांची?"

"असेल नऊएक."

"कापडी टेप ताणली जाते. ताणलेली टेप नेहमी कमीच दाखवते."

बाबांनी पेटीतली घडीची फूटपट्टी काढली. तिचे सांधे खिळखिळे झाले होते. ती उघडतानाच एक तुकडा लोंबू लागला. साहेबांनी तिच्याकडे नुसते पाहिले. मग बाबांनीही पाहिले. आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू थोडे विस्कटले.

"खालून नाही उतरवता येणार," लेक म्हणाली. "सगळं सिमेंटात आहे. म्हणजे..."

"म्हणजे शेंडे," साहेब म्हणाले. शेंडे म्हणजे पाखरांची डोकी, हे त्यांनाही कळत होते. त्यांचा आवाज खाली गेला. "पंधरा दिवसांची मुदत आहे. मला वाईट वाटतं, बाबा. पण एकाला सोडलं तर दुसऱ्याला काय तोंड दाखवू?"

आता तुम्ही मला विचाराल, की काठीताई, तुला काहीच ठाऊक नव्हते का? मित्रांनो, देवासमोर आणि मुलांसमोर खोटे बोलू नये. थोडे ठाऊक होते. तरुणपणी दगडावर टेकले, की मला पायाचे चारही कोपरे जाणवत. अलीकडे तसे होत नसे. पायाखाली काहीतरी गोल, गुळगुळीत वाटे. मी समजत होते, की इतक्या वर्षांच्या सेवेने मी मऊ झाले. 'माप अखेरचे मानावे' हे वाक्य एकदा डोक्यात गेले, की आपल्या पायाकडे पाहावेसे वाटत नाही.

दहा दिवसांनी ती लेक खात्यात आली. मी कोपऱ्यात उभी होते. साहेबांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"साहेब, शेंडे मी कापून घेते. त्याबद्दल नाही आले."

"मग?"

"बाबांनी हत्यारं बांधून ठेवलीत. पटाशीला हात लावत नाहीत. काल म्हणाले, समोरच्या घरी देऊन टाक. त्यांना माझं नाव आठवायचं नाही, पण माप आठवायचं. आता म्हणतात, एकतीस वेळा चुकलो आणि कळलं नाही. माप गेलं म्हणजे मीच गेलो." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "तुम्ही येऊन त्यांना एवढंच सांगा, की तुमची चूक नव्हती. काहीतरी कारण सांगा. जमीन खचली म्हणा, लाकूड फुगलं म्हणा."

"ताई, पण ते खोटं होईल."

"हो, खोटंच सांगा. एकदा."

"मला नाही जमणार हो," साहेब म्हणाले. "खोटं सांगितलं तर त्यांना कळेल. लाकूड किती फुगतं हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे."

ती गेली. मी तिथेच होते. बोलता येत असते, तर मी त्या खोलीत इतक्या मोठ्याने ओरडले असते, की कपाटावरच्या फायली खाली पडल्या असत्या. पण काठी फक्त ठक म्हणू शकते, आणि तेही कुणी आपटले तर.

पंधराव्या दिवशी साहेबांनी खात्याचा माणूस पाठवला नाही. स्वतःच पिशवीत करवत घालून निघाले. चढाचा रस्ता त्या दिवशी फार मोठा वाटला. कुंपणापाशी दहाबारा माणसे जमली होती. समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरीणबाई तर खुर्चीच घेऊन आल्या होत्या.

"या साहेब, या," त्या म्हणाल्या. "एकतीस जणांचा शिरच्छेद करायला एकटेच आलात?"

साहेबांनी मान खाली घातली. सुतारबाबा बाहेर आले. दोन आठवड्यांत ते वाळून निम्मे झाले होते. त्यांनी हात पुढे केला. "करवत माझ्याकडे द्या. माझी चूक आहे, मीच निस्तरतो."

"बाबा, राहू द्या, मी..."

"लाकडाला परक्याचा हात नको."

त्यांनी करवत घेतली. झोपलेल्या पाखराच्या मानेवर पाते टेकवले. लेकीने डोळे मिटून घेतले. साहेब माझ्या आधाराने उभे होते, दोन्ही हात माझ्या अंगाला धरून. बाबांनी पाते ओढायला म्हणून नजर वर केली, आणि ती साहेबांवर थांबली. मग माझ्यावर. मग पुन्हा साहेबांच्या डोक्यावर. सुताराची नजर कशी असते माहीत आहे? ती माणसाकडे पाहत नाही, मापाकडे पाहते.

"साहेब, तुमची उंची किती?"

"माझी? पाच फूट सहा. का?"

"कुणी सांगितली?"

"नोकरीला लागताना डॉक्टरांनी मोजली होती. माझ्या कागदावर आहे."

"तेव्हा वय?"

"चोवीस."

"आता?"

"सत्तावन्न."

"सरळ उभे राहा बरं. चपला काढा. काठीला पाठ लावा."

कुणाला काही कळेना, पण म्हाताऱ्याच्या आवाजात असे काहीतरी होते, की साहेबांनी मुकाट्याने चपला काढल्या. मास्तरीणबाई उठल्या; त्यांनी जन्मभर शाळेतल्या मुलांच्या उंच्या मोजल्या होत्या. हातातले पुस्तक साहेबांच्या डोक्यावर आडवे ठेवून त्यांनी माझ्या रेघा वाचल्या.

"पाच फूट सात. आणि वर अर्धा."

आणि मग जो हशा पिकला! "साहेब, या वयात वाढायला लागलात की काय?" "कोणतं टॉनिक घेता, आम्हालाही सांगा!" मास्तरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वरच्या वर्गात बसवू हो यांना." साहेबांचे कान लाल झाले, पण हसू त्यांनाही आवरेना.

सुतारबाबा तेवढे हसले नाहीत.

"माणूस या वयात वाळतो," ते म्हणाले. "लाकडासारखाच. वाढत नाही."

हसू विझले. साहेबांच्या चेहऱ्यावरून ते कसे उतरत गेले, ते मी इतक्या जवळून पाहिले, की आजही आठवते. त्यांनी मला उचलले आणि उलटे केले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पायाकडे पाहिले. तो टाचेसारखा गोल झाला होता. कोपरा एकही उरला नव्हता. बाबांनी त्यावर अंगठा फिरवला. आजारी मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"रोज किती दारांत आपटता हिला?"

"दहा. बारा. कधी पंधरा."

"तीनतीनदा?"

"हो."

"आणि रस्त्यानं चालतानाही हीच टेकता. मोजायला हीच, बोलवायला हीच, चालायलाही हीच. तिन्ही कामं हिनं इमानानं केली हो साहेब. पण जे माप पायानं चालतं, ते घटणारच. खालून दोन बोटं गेली, म्हणून वरच्या खुणा दोन बोटं खाली आल्या."

मग ते लेकीकडे वळले. "मी म्हणालो होतो ना? चार?"

"हो बाबा. चार."

"म्हणजे माझं..."

"तुमचं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं."

बाबांनी करवत पायरीवर ठेवली. बसले. खूप वेळ आपल्याच हातांकडे पाहत राहिले, हरवलेले कुणी घरी परत आल्यासारखे. साहेबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. तेव्हा बाबाच म्हणाले, "कागद आणलाय ना? मग पसंतीची सही करा आणि चहा घ्या. अगं, चहा टाक. आणि मीठ नको घालूस, ते काम माझं आहे."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पाखरे वाचली, बाबांची पटाशी पेटीतून बाहेर आली. पण चहा पिता पिता मास्तरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, सहज, खारीच्या शेपटीएवढा.

"साहेब, पण मग बाकीच्यांचं काय?"

साहेबांचा कप अर्ध्यावर थांबला.

त्यानंतर आठ दिवस ते जुनी दप्तरे चाळत होते. गेल्या काही वर्षांत कुणाकुणाच्या नावापुढे 'एक बोट जास्त', 'दीड बोट जास्त' असे शेरे त्यांनी मारले होते, ते त्यांनी शोधून काढले. एकोणीस घरे निघाली. वरचे अधिकारी म्हणाले, "जाऊ द्या हो, कुणी तक्रार केली आहे का?" साहेब म्हणाले, "तक्रार केली नाही, म्हणून तर जायला हवं." नवी लोखंडी मोजपट्टी घेऊन ते निघाले. मला मागे ठेवता आले असते, पण त्यांनी मलाही खांद्यावर टाकले. म्हणाले, "आरोपी हजर पाहिजे." या वेळी दारात त्यांनी मला आपटले नाही. कडी वाजवली.

माणसे किती तऱ्हेची असतात, ते मला त्या महिन्यात कळले. एका घरी मेंदीचे कुंपण होते. ते केव्हाच वाढून पुन्हा चार फूट झाले होते. मालक हसून म्हणाला, "आम्ही विसरलो, ती विसरली, तुम्हीच तेवढे लक्षात ठेवून बसलात." एका घरी विटांचा वरचा थर फोडावा लागला होता. तिथल्या आजोबांनी साहेबांना फाटकात उभे करून अर्धा तास सुनावले, आणि शेवटी, "पण आलात, हे बरं केलंत," म्हणून सोडले. एका बाईंना तर साहेब काय सांगताहेत तेच कळेना, त्या पुनःपुन्हा विचारत होत्या, "म्हणजे आता पुन्हा कापायचं का?"

एकोणिसावे घर एका घड्याळजींचे होते. सात वर्षांपूर्वी मी तिथे उभी राहिले होते आणि दीड बोट जास्त सांगितले होते. मला तो दिवस चांगला आठवतो. बारीक अंगाचा, स्वच्छ कपड्यांचा माणूस. कुंपणाच्या वरच्या पट्टीवर त्यांच्या पत्नीने वेल चढवला होता, फुलांनी लगडलेला. बाकीचे लोक हुज्जत घालत, पण यांनी घातली नाही. "सरकारी काठी आहे, ती कशाला चुकेल? माझीच नजर चुकली असेल," असे म्हणून त्यांनी स्वतः आतून करवत आणली होती. साहेबांनी तेव्हा वहीत लिहिले होते, 'सज्जन गृहस्थ. तत्काळ पूर्तता.'

आता फाटकात दुसरीच माणसे होती. साहेबांनी घड्याळजींची चौकशी केली, तेव्हा शेजारच्या बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "ते होय? ते वारले. मागच्या वर्षीच."

"त्यांचं दुकान होतं ना बाजारात?" साहेबांनी विचारले.

"होतं. पण ते तर खूप आधी बंद केलं त्यांनी. हे कुंपण कापलं ना, त्याच महिन्यात." बाईंनी चिमटा लावला आणि पुढे म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी समजावलं. पण म्हणायचे, ज्याला एवढ्या फळीतलं दीड बोट दिसलं नाही, त्यानं लोकांच्या घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगांना कशाला हात लावावा? मग खिडकीत बसून असायचे. हात रिकामे. बघवत नसे हो."

साहेबांनी लोखंडी पट्टी कुंपणाला लावली. चार फुटांना दीड बोट कमी. ज्यांना हे सांगायचे, ते नव्हते. मग त्यांनी त्या बाईंनाच सांगितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मला उलटे करून माझा पाय दाखवत. बाई चिमटा हातात धरून ऐकत राहिल्या. शेवटी साहेब म्हणाले, "त्यांची नजर चांगली होती हो. कुणी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तरी सांगा."

परतताना त्या दिवशी ते गुणगुणले नाहीत.

आता मी खात्याच्या खिडकीत असते. खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला आडवी अडकवली आहे. सुतारबाबा मला नवा पाय जोडून द्यायला तयार होते, पण साहेबांनीच नको म्हटले. मापाचे काम लोखंडी पट्टी करते. ती दर सहा महिन्यांनी स्वतः मोजली जाते, आणि तिला कुणी दारात आपटत नाही. मला तिचा राग येत नाही.

मित्रांनो, तुमच्यातले काही पुढे मोठे होतील, कुणी तपासनीस होईल, कुणी शिक्षक, कुणी परीक्षक. तुमच्या हातात कसले ना कसले माप येईल. ते जपा. त्याने दारे ठोकू नका, त्याच्यावर भार टाकून चालू नका, आणि एखाद्याला 'तू चुकलास' म्हणण्याआधी ते एकदा उलटे करून पाहा.

आणि आज घरी जाल, तेव्हा माझी नाही, त्या घड्याळजींची एकदा आठवण काढा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांची नजर चांगली होती, हे त्यांना कुणी सांगितले नाही. निदान तुम्हाला तरी ते माहीत असू द्या.